जन्मस्थळ : वाडा

मंचर

क्रोएशियाहून मुंबईला मी कसा आलो हे सांगत बसत नाही. विमानात बसलो, जेवलो, झोपलो, उतरलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचा आहे तो मंचरहून लेण्याद्रीला गेल्याचा प्रवास. मोटारसायकलने तो फार तर दीड तासाचा. आम्हाला तीन दिवस लागले, कारण मागच्या सीटवर आबा होते.

आधी मी का निघालो ते सांगतो. मी वेल्डर आहे. समुद्रकाठच्या एका गोदीत मोडकी जहाजं दुरुस्तीला येतात, त्यांच्या पोटात शिरून पत्रे जोडायचं काम मी सहा वर्षं करतोय. पहिल्या ठेकेदाराकडचं काम रोडावलं म्हणून शेजारच्या गोदीत विचारलं. तिथल्या फोरमनने माझी दोन जोडकामं बघितली आणि सोमवारपासून ये म्हणाला. इथवर सगळं बेस झालं. माझी समजूत अशी, की कामाचा परवाना म्हणजे रेशनकार्ड. नाव आपलं, फोटो आपला, म्हणजे कार्डही आपलंच. तो परवाना जुन्या मालकाच्या खुंट्याला बांधलेला असतो हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. मालक बदलला की नवा अर्ज करायचा, तोही जुना परवाना जिवंत असेतोवर. मी अकरा दिवस उशीर केला.

"आता मायदेशी जा आणि तिथून पहिल्यापासून अर्ज करा," तिथल्या वकीलबाई म्हणाल्या. फोरमन भला माणूस. महिनाअखेरपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो, त्यापुढचं माझ्या हातात नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. मी घरी पोहोचलो तेव्हा हातात बावीस दिवस होते. बायको आणि दोन मुली मंचरला भाड्याच्या घरात, मुलींची शाळा तिथेच, आणि घरात कमावणारा मी एकटा. कागदांच्या यादीत सातव्या ओळीवर लिहिलं होतं : जन्माचा दाखला. मागच्या खेपेला तो कुणी मागितला नव्हता.

पासपोर्टवर माझं जन्मस्थळ आहे वाडा. शाळेच्या दाखल्यावरही तेच. वाडा नावाचं गाव शेजारच्या खेड तालुक्यात आहे, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिकडे गेलो. तिथल्या ग्रामपंचायतीतल्या बाईंनी त्या सालचं रजिस्टर काढून एकेक ओळ बोटाने दाखवली. माझं नाव नाही, बापाचं नाही, आईचं नाही. "दादा, इथं तुमचं कोणी पाहुणंरावळं आहे का?" त्यांनी विचारलं. आमच्या सात पिढ्यांत त्या गावी कुणी नव्हतं. पुन्हा एकदा जाऊन मागची-पुढची दोन सालंही तपासून घेतली, त्यात चार दिवस गेले.

शेवटी संध्याकाळी आबांपाशी बसलो. आबा म्हणजे माझे वडील, बिरू बरकडे. वय सत्तरीच्या पुढे, मेंढरं विकून दहा वर्षं झाली तरी हातातली काठी गेलेली नाही.

"आबा, माझा जन्म कुठला?"

"वाड्यावरला."

"वाडा गावचा ना? खेड तालुक्यातला?"

आबांनी मला वरून खाली न्याहाळलं. "गावचा कशाला? आपल्या वाड्यावरला. मेंढरांच्या."

आम्ही धनगर. वाडा म्हटलं की तुमच्यापुढे चौक, ओसरी, सागवानी खांब उभे राहत असतील. आमचा वाडा म्हणजे जाळी लावून कोंडलेली मेंढरं, तीन दगडांची चूल आणि घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड. शेतकरी बोलावतो, त्याच्या रानात चार-आठ रात्री मेंढरं बसवायची. त्याला खत मिळतं, आपल्याला धान्य, आणि वाडा पुढच्या रानात जातो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं असणार, जन्म कुठला? आबांनी सांगितलं, वाड्यावरला. गुरुजी खेडकडचे. त्यांनी लिहून टाकलं, वाडा, तालुका खेड. तेव्हापासून मी एका जाळीच्या कोंडवाड्याचा पत्ता घेऊन जगभर हिंडतोय आणि दोन देशांच्या साहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

"मग त्या वेळी वाडा कुणाच्या रानात होता?"

"त्या साली हरभरा लई आलता," आबा म्हणाले. बराच वेळ ते तेवढंच म्हणत होते. मेंढपाळाला गावांची नावं लागत नाहीत. त्याला पाणी, पाला आणि कुत्री लक्षात राहतात. आई असती तर तिने मालकाच्या नावासकट सांगितलं असतं. आई, ठकूबाई, चार वर्षांपूर्वी गेली. मी तेव्हा गोदीत होतो, सुट्टी मिळून पोचलो तोवर तिचा दहावा उरकला होता.

"घोड नदीच्या अंगाला व्हतो आमी," आबांना अखेर आठवलं. "धोंडिबा व्हता बरूबर. त्याला इचारू."

डिंभे

धोंडिबा म्हणजे आबांचा जुना वाटसोबती. आता डिंभ्याला धरणाच्या कडेला राहतो, थोडी शेती करतो आणि मासे धरतो. सकाळी निघालो. मंचरच्या चौकात कांद्याच्या ट्रकांनी वाट अडवली होती. आबा मागून माझ्या खांद्यावर काठी आपटत होते.

"ह्या सडकंनं कशाला घातलीस? खालून पांदीनं घे."

"आबा, ही मोटारसायकल आहे."

"मंग? घोडं जायचं तितून."

त्यांच्या हट्टापायी घोडेगावच्या अलीकडे एका पांदीत शिरलो. वाट होती खरी, पण चाळीस वर्षांपूर्वीची. दोन शेतांमधून, एका गोठ्याला वळसा घालून, कुत्र्यांच्या शिव्या खात आम्ही पुन्हा त्याच सडकेला लागलो. मधल्या दगडगोट्यांनी साखळीचं काम तमाम केलं. डिंभ्याच्या अलीकडे ती तुटली आणि शेवटचा टप्पा मी गाडी ढकलली. आबा पुढे काठी टेकत चालले होते, कुणी सुटं मेंढरू मागे राहील तसं अधूनमधून वळून बघत होते.

चैत्रात धरणाचं पाणी खूप खाली जातं आणि काठाला भेगाळलेला गाळ उघडा पडतो. धोंडिबा त्या गाळाच्या कडेला जाळं सोडवत बसला होता. आबांना बघून त्याने जाळं टाकलं. दोघांनी एकमेकांचे दंड धरले आणि बराच वेळ नुसते हलवले.

साखळी घोडेगावहून आणायची होती आणि एस.टी. तिच्या मर्जीने यायची. त्यामुळे मुक्काम पडला. धोंडिबाच्या सुनेने मरळ माशाचं लालभडक कालवण केलं, बाजरीची भाकरी. गोदीच्या गावात मासा नुसता निखाऱ्यावर भाजतात, वर तेल आणि लिंबू, झालं जेवण. पहिल्या वर्षी मला वाटायचं या लोकांना गरिबीमुळे मसाला परवडत नाही. आता तोही मासा आवडतो, पण कालवणात बुडवलेल्या भाकरीच्या पहिल्या घासाला माझ्या कानशिलांना घाम आला आणि बरं वाटलं.

जेवता जेवता मी मुद्द्याला हात घातला. माझा जन्म इथेच कुठेतरी झाला ना?

धोंडिबा हसायलाच लागला. "आरं राव, बिरू, तुझं डोस्कं फिरलं का काय? हितं तुझं पोरगं न्हाई झालं. हितं आपली काळी घोडी याली व्हती!"

आबा ओशाळले. त्यांच्या मनात मी आणि काळ्या घोडीचं शिंगरू इतकी वर्षं एकाच जागी जन्मत होतो.

"मग मी कुठे झालो, तात्या?" मी विचारलं.

"डोंगराच्या पल्याड. जुन्नरच्या म्होरं, गनपतीच्या डोंगराखाली. दोन मोटंची हीर व्हती मालकाची. मालकीन लई मायाळू. रंगपंचिम व्हती बघ. मी रंग घिऊन तुझ्या बापाला हुडकीत आलो, तर ह्यो म्होरलं रान बघाय गेल्याला. आनि हिकडं ठकूच्या पोटात दुखाय लागल्यालं."

रंगपंचमी बरोबर होती. माझ्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मली, कारण गुरुजींना तीच तारीख सोपी पडायची. माझी तारीख मात्र खरी आहे. आई शाळेत हटून बसली होती, की पोरगा रंगपंचमीचा आहे, पंचांग काढा.

"मंग ठकूचं कुनी केलं?" आबांनी विचारलं. पोराच्या जन्माची चौकशी ते अडतीस वर्षांनी करत होते.

"मला काय ठावं? मी आपली मेंढरं राखीत व्हतो," धोंडिबा म्हणाला.

आबा ताटावरून उठले आणि बाहेर पाण्याकडे तोंड करून बसले.

लेण्याद्री

साखळी दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने आली. जुन्नरला पोचेतो ऊन कलतीला लागलं, म्हणून तिथेच ओळखीच्याकडे टेकलो आणि सकाळी लेण्याद्रीच्या पायथ्याशी गाडी लावली. पंधरा दिवस उरले होते. पायथ्याच्या आसपास वाड्यावस्त्या भरपूर, आणि आमच्याकडे पत्ता म्हणजे एक विहीर. मी दुकानदारांना विचारायला निघालो, तर आबा पायऱ्या चढायला लागलेले.

"आबा, दर्शन नंतर घेऊ."

"दर्सन कुनाला घ्यायचंय? वरनं बघू. रान वरनं वळखाय येतं."

तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. वाटेत माकडं बसलेली असतात, आणि त्यांना आपल्या पिशवीत काय आहे ते आपल्याआधी कळतं. एकाने माझ्या हातातली प्लास्टिकची पिशवी हिसकली आणि कठड्यावर जाऊन बसलं. आत धोंडिबाच्या सुनेने दिलेल्या भाकऱ्या होत्या आणि माझ्या कामाच्या कराराच्या प्रती. माकडाने करार चावून बघितला, आवडला नाही, दरीच्या बाजूला फेकला. भाकरी मात्र शांतपणे खाल्ली. पासपोर्ट शर्टाच्या आत होता म्हणून वाचलो. कराराची तीन पानं मी झुडपांतून वेचून आणली. चौथं कठड्यालाच अडकलं होतं, त्यावर दात उमटले होते.

वर लेण्यातल्या गणपतीसमोर आम्ही टेकलो. गिरिजात्मज. पार्वतीने याच डोंगरात तप केलं आणि हा मुलगा इथे झाला असं मानतात. भिंतीपाशी बसलेले एक आजोबा कुणाला तरी सांगत होते, की गिरिजात्मज म्हणजे गिरिजेचा मुलगा. आबांनी ते ऐकलं.

"म्हंजी ह्यो आईच्या नावानं वळखला जातो," ते म्हणाले.

"होय की."

"बरं हाय," म्हणून ते उठले आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन खाली बघू लागले.

खाली सगळा हिरवा पट्टा होता. द्राक्षांचे मांडव, ऊस, मधूनमधून पांढरी शेडनेट. मोकळं रान दिसेना. आबांचा चेहरा उतरला. त्यांच्या वेळी चैत्रात हे सगळं रिकामं असायचं, एकेका रानात दोनदोनशे मेंढरं बसायची.

"म्हनून तर हिकडं यायचं सुटलं," ते सांगायला लागले. "बागा झाल्या. मेंढरं कुटं बसवायची? मंग आमी पारनेरच्या अंगानं जाया लागलो. तुजी आई दर साली म्हनायची, येकदा त्या गावाला न्या मला. मी म्हनायचो, म्होरल्या साली." मग म्हणाले, "म्होरल्या साली, म्होरल्या साली करता करता तीच गेली."

आई असं काही म्हणायची हे मला माहीत नव्हतं. मला आबांचा रागही आला आणि त्यांची कीवही आली. चार वर्षांत तेही हे माझ्याशी बोलले नव्हते.

"ते बघ," एकदम ते म्हणाले आणि काठी उचलली. एका द्राक्षबागेच्या कोपऱ्यात दगडी बांधकाम होतं, आणि त्यावर शेजारी शेजारी दोन खोलगट दगडी कुंडं. मोटेचं पाणी ज्यात पडायचं ती थारोळी. "दोन मोटंची हीर. ती बघ!"

विहिरीवरचं घर

बागेशेजारी सिमेंटचं बैठं घर होतं. दारातल्या निंबाखाली एक म्हातारी कांदे निवडत बसली होती, बारीक एकीकडे, मोठे एकीकडे. आम्हाला बघून तिने डोळ्यांवर हात धरला.

"कोन रं तुमी? कांदं घ्यायला आलाव का?"

"न्हाई माय," आबा म्हणाले. "धनगर हाय, मंचरवरनं आलोय. म्हागं कवातरी तुमच्या रानात मेंढरं बसवली व्हती. लई वर्सं झाली."

म्हातारीने हातातला कांदा खाली ठेवला. आबांकडे बघितलं, काठीकडे बघितलं.

"तू ठकूचा नवरा व्हय?"

आबांनी मान हलवली.

"आनि ह्यो? ह्यो रंगपंचमीचा?" ती गुडघ्यांवर हात रेटून उठली, माझ्याजवळ आली आणि कांद्याच्या हातांनी माझं तोंड चाचपलं. "नाक तिचंच हाय. ठकू कुटं? सडकंला गाडीत बसवून आलाव का? उन्हात कशाला बसवली रं तिला?"

आबा खाली बघत होते. मीच सांगितलं, की आई गेली, चार वर्षं झाली.

तिने माझ्या तोंडावरचा हात काढला. सरळ वळली आणि घरामागे गेली. आम्ही दोघं उभेच. पाणी ओतल्याचा आवाज आला, एक तांब्या, मग दुसरा. तिची सून धावत बाहेर आली, "आत्याबाई अंगावरच्या लुगड्यानिशी अंघोळ का करत्यात? काय सांगितलं तुम्ही त्यांना?"

तेव्हा मला कळलं. आपल्या माणसाच्या मरणाची बातमी कधीही कानावर आली, चार दिवसांनी येवो नाहीतर चार वर्षांनी, ऐकल्याक्षणी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. लेक गेली तर माहेरचे घेतात.

ती ओलेत्याने परत आली तेव्हा मात्र आबांवर कडाडली. "लेक गेली माझी, आनि कळवावं वाटलं न्हाई? कसला रं मानूस तू? मंचर काय लंकेत हाय? चार माणसं धाडली असती मी." तिचा एकेक शब्द बरोबर होता.

तिचं नाव सरूबाई. कोरडं लुगडं नेसून, चहा ठेवायला सांगून तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी ती वाड्यावर दूध मागायला गेली तर आई एकटीच जाळीला धरून बसलेली. पहिलटकरीण, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची. "म्हनलं, तुजं माहेर कुटं? पयलं बाळतपन माहेरात करत्यात. तर म्हनली, लई लांब हाय, आनि तिथं आई बी न्हाई. मंग मी म्हनलं, चल. धरून आनली घरात. ह्या खोलीत झाला ह्यो." तिने आतलं दार दाखवलं. "बारा दिस ठिवून घेतली. ह्यो पाचव्या दिसाला आला," काठीने आबांकडे निर्देश करावा तशी तिची मान वळली, "आनि भाईरनंच म्हनला, चला, वाडा हलवायचाय. आमच्या मालकानं ह्याला पिटाळून लावला. म्हनलं, आमची लेक आमी बारसं झाल्याबिगार धाडायचो न्हाई."

"आता आठवतंय," आबा हळूच म्हणाले. "मी ते पार इसरलो व्हतो. कुनी इचारलं, पोरगा कुटं झाला, की तोंडात वाडाच यायचा. आमचं सगळं वाड्यावरच असायचं ना."

मी उठून ती खोली बघून आलो. आत धान्याच्या कणग्या, एक जुना पंखा, खताची पोती. त्या खोलीत मी पाच मिनिटं उभा होतो. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एवढंच, की सहा वर्षं सगळ्या अर्जांवर मी जन्मस्थळ लिहितोय आणि ते मला पहिल्यांदाच दिसत होतं.

"मालकांनी माझी नोंद केली होती का कुठे?" मी बाहेर येऊन विचारलं.

"नोंद? आरं, ते गाय याली तरी वहीत लिवायचे. तुझी न करत्यात? दुसऱ्याच दिशी गेलते पंचायतीत."

ग्रामपंचायत

सरूबाईंचे मालक रंगनाथ डोके जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरूबाई स्वतः आमच्याबरोबर आली. ग्रामसेवक तरुण होता, मान वर न करता त्याने सांगितलं, की इतकं जुनं रजिस्टर कपाटात मागे आहे, सोमवारी या.

"भाऊसाहेब," सरूबाई समोरच्या खुर्चीत बसत म्हणाली, "मी सोमवारपतुर हितंच बसते. मला घरी काय काम न्हाई."

रजिस्टर निघालं.

आम्ही बरकडे आडनाव शोधत होतो. ते कुठेच नव्हतं. वाडा गावातल्या रजिस्टरासारखंच होणार असं वाटलं. ग्रामसेवक पान उलटणार तेवढ्यात त्याचं बोट थांबलं. "आईचं नाव ठकूबाई आहे का? ही बघा एक. पण आडनाव धनगर लावलंय."

"तेच," आबा म्हणाले. "तवा आमाला समदी तेच म्हनायची."

मग तो एकेक रकाना वाचू लागला. रंगपंचमीच्या दिवसाची तारीख; जुळली. बालकाचे नाव; कोरं. वडील, बिरू धनगर. आई, ठकूबाई. जन्माचे ठिकाण, घर, रंगनाथ डोके यांचे. माहिती देणाऱ्याचे नाव, रंगनाथ डोके.

"आणि हे काय?" त्याने डोळे बारीक केले. "माहिती देणाऱ्याचे नाते, आईचे वडील." त्याने सरूबाईंकडे बघितलं. "आजी, ही बाई तुमची मुलगी होती?"

"व्हय," सरूबाई म्हणाली. तिच्या आवाजात जराही अडखळ नव्हती.

आबांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी मला ती ओळ परत वाचायला सांगितली. मी वाचली. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून म्हणाले, "म्हंजी मी ह्यांचा जावई व्हतो. आनि चाळीस वर्सं सासुरवाडीला आलो न्हाई."

ग्रामसेवक सोमवारचं विसरला. कोऱ्या रकान्यात नाव घालायचा अर्ज कसा करायचा, कुठला दाखला जोडायचा, तहसिलीत कुणाला भेटायचं, हे त्याने स्वतः लिहून दिलं. दाखला आठव्या दिवशी हातात आला. छापील दाखल्यावर नात्याचा रकाना येत नाही. ती ओळ तिथे रजिस्टरातच राहिली.

पासपोर्टवर वाडा आणि दाखल्यावर दुसरंच गाव, बरकडेच्या जागी धनगर, हा घोळ उरलाच होता. त्यासाठी जुन्नरच्या एका वकिलाने प्रतिज्ञापत्र केलं : वाडा म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, गाव नव्हे, आणि बिरू धनगर व बिरू बरकडे ही एकच व्यक्ती. ते लिहिताना तो तीनदा हसला. मला धाकधूक, की परदेशातल्या वकीलबाईंना हे कसं पटवायचं. फोनवर मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, माझे आजोबा बेटावर मेंढ्या राखायचे, ते डोंगरावर असताना माझी आत्या दगडी गोठ्यात जन्मली, तिच्या कागदावरही असाच गोंधळ आहे. आमच्या गुरुजींपेक्षा त्यांना वाडा लवकर समजला.

व्हिसा मिळाला तेव्हा महिना संपायला तीन दिवस होते.

निघण्याआधी सगळ्यांना घेऊन सरूबाईंकडे गेलो. तिने माझ्या बायकोची ओटी भरली, मुलींच्या हातांत भुईमुगाच्या शेंगा दिल्या, आणि एक खण वेगळा काढून माझ्या हातात ठेवला. "हा ठकूचा. माहेरातनं मोकळी कशी धाडायची? तिच्या फोटोम्होरं ठेव." मला तिथे रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मग ती आबांकडे वळली. त्या दिवशी झापल्यानंतर ती त्यांच्याशी नीटसं बोलली नव्हती.

"जावईबापू," ती म्हणाली, "तुमचा दिवाळसण ऱ्हायलाय आमच्याकडं."

आबांनी पागोट्याला हात लावला आणि ते काठी टेकत सडकेकडे निघाले.

गोदीत

मी आता पुन्हा जहाजाच्या पोटात आहे. जागा फोरमनने धरून ठेवली होती. माकडाने चावलेलं कराराचं पान त्याने भिंतीला लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते दाखवतो.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी घरी फोन लावला. मुली फटाक्यांचं सांगत होत्या, बायको फराळाचं. मी म्हटलं, आबांना दे.

"आबा नाहीत," ती म्हणाली. "सकाळी सहाच्या एस.टी.ने गेले. नवं धोतर, नवं पागोटं. हातात साडीची पिशवी. मी म्हटलं, थांबा, दुपारी सोबत येते, तर ऐकेनात."

"कुठे गेले?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाले, पाडव्याला मानूस कुटं जातं? सासुरवाडीला."